नीलाकाकूंनी उडवलेली चार मिनिटं

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळात मुलांना कुठला सिनेमा दाखवायचा, हे नीलाकाकू ठरवत. डीव्हीडीच्या डबीवर काहीही छापलेलं असो, काकूंचा मेल आला की मगच आयांचा जीव भांड्यात पडे. तीस वर्षं मुलांची डॉक्टर म्हणून काढलेल्या बाईसमोर कोण तोंड उघडणार?

२००५च्या नाताळच्या सुट्टीत त्यांच्याकडे एका खारीच्या पिल्लाचा कार्टून सिनेमा आला. रंग झकास, गाणी गोड, पण मध्यावर पिल्लाची आई वणव्यात मरते. एरवी काकूंनी तो डोळे झाकून पास केला असता. यंदा मात्र बघायला निधी येणार होती.

निधी सात वर्षांची. तिची आई आसावरी सप्टेंबरात कॅन्सरने गेली, तेव्हा निधी दूर स्टेट कॉलेज नावाच्या गावी मावशीकडे होती. तिला कुणी खरं सांगितलंच नाही. "आई ट्रीटमेंटला इंडियाला गेलीय," असं तिचे बाबा, यतीन, म्हणत आणि सगळं मंडळ त्यांचीच री ओढे. काकूसुद्धा.

काकूंनी तोडगा काढला. बेसमेंटमध्ये मुलं रंगलेली असताना, वणवा पेटायच्या आत त्यांनी रिमोट दाबला आणि चार मिनिटं सफाईने उडवली. आई पिल्लाला रागावत होती, आणि पुढच्याच क्षणी पिल्लू एकटंच रानात भटकायला लागलं. मागे बसलेल्या आयांनी काकूंकडे कौतुकाने पाहिलं.

सिनेमा संपला तशी पोरं पिझ्झ्यावर तुटून पडली. निधी जागची हलली नाही.

"काय गं, भूक नाही?"

"काकू, व्हॉट डिड ही डू? मॉम रागावली आणि गेलीच. शी नेव्हर केम बॅक." मग हळूच म्हणाली, "मीपण आईचं औषध सांडलं होतं. शी गॉट मॅड. मग ती इंडियाला गेली. फोनपण नाही करत."

काकू तिच्याशेजारी बसल्या. पोरीला मरण दिसू नये म्हणून सगळे धडपडले, आणि पोर बिचारी आईने टाकलं म्हणून आतल्या आत झुरत होती.

यतीन न्यायला आला, तेव्हा त्यांनी त्याला स्वयंपाकघरातच अडवलं. "आजच सांग तिला."

"काकू, प्लीज. एवढी सुट्टी जाऊ दे."

"तिला वाटतंय, औषध सांडलं म्हणून आसावरी तिला सोडून गेली."

यतीन तसाच वळला. खाली जाऊन निधीसमोर बसला आणि त्याने अडखळत सगळं सांगितलं. काकू जिन्यातच थांबल्या.

निधी म्हणाली, "सो शी वॉजन्ट मॅड?"

"नाही गं राणी. शेवटपर्यंत तुलाच बोलवत होती."

"मग मला का नाही नेलं?"

यतीनने जिन्याकडे पाहिलं. काकू उरलेल्या पायऱ्या उतरून तिच्याजवळ आल्या.

"मी नको म्हटलं होतं, बाळा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लहान मुलांनी ते बघू नये."