पाच पायऱ्यांचं विरंगुळा केंद्र

अहो, जरा इकडे बघा. दारातून आत आलात की उजव्या हाताला, काचेच्या पेटीत. हो, मीच बोलतोय. तुम्ही आत्ता ज्या विरंगुळा केंद्रात शिरलात, त्याचं मी मॉडेल. पुठ्ठ्याचं, दीड हात लांब, एक हात रुंद. माझ्यावरून ही इमारत बांधली, म्हणजे वयाने मी हिच्याहून थोरला. पण घरात थोरल्याचं कोण ऐकतं?

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नकाशेकाका राहतात. सारी नोकरी नकाशे काढण्यात गेली, म्हणून हे नाव. वसाहतीने त्यांच्याकडे मोकळ्या प्लॉटवरच्या केंद्राचं काम दिलं आणि काका निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा सकाळी वेळेवर दाढी करायला लागले. नव्या शर्टाच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद कापून त्यांनी माझ्या खिडक्या केल्या. आगपेटीच्या काड्यांचे कठडे केले.

"तीन आठवडे आपण ओट्याशी उभं राहून जेवतोय," काकू म्हणायच्या. "हा विरंगुळा नक्की कुणाचा चाललाय?"

"झाडं वाळू दे, मग टेबल रिकामं करतो."

"आणि माझा भांड्यांचा स्पंज कुठाय?"

काका माझी हिरवी झाडं हाताने झाकायचे.

केंद्राची गरज होती, यात वाद नाही. म्हातारी माणसं लाँड्रीच्या पायरीवर बसायची, लाँड्रीवाला पाणी मारायच्या निमित्ताने त्यांना उठवायचा. बायका जिन्यात उभ्या राहून बोलायच्या, तेही पिशव्या हातात धरून. प्लॉट मात्र सखल होता, पाणी साचायचं. म्हणून काकांनी इमारत उंच घेतली आणि पुढे पाच पायऱ्या आल्या.

पायऱ्या आल्या तसा काकांना पहिला प्रश्न पडला तो भाऊंचा.

भाऊ म्हणजे टेलरकाकूंचे यजमान. तळमजल्यावर पुढच्या खोलीत टेलरकाकूंचं मशीन, मागच्या खोलीत भाऊ. पूर्वी क्रेन चालवायचे. वरून पडले आणि सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत आहेत. दिवसभर बुद्धिबळाचा पट मांडून एकटेच बसतात. "दोन्ही बाजूंनी मीच खेळतो," म्हणतात, "त्यामुळे हरल्याशिवाय एक दिवस जात नाही."

काका एक फळी घेऊन त्यांच्याकडे गेले. मी तेव्हा नुसता कागदावर होतो, काकांच्या काखेत गुंडाळलेला; पण ऐकू सगळं येत होतं. विटांवर फळी टेकवली, भाऊंनी चाकं फिरवली.

"नकाशेकाका, हा चढ नाही, डोंगर आहे. लांब करा."

काकांनी विटा कमी केल्या. तरी जमेना. टेलरकाकू गळ्यात टेप घेऊन तशाच बाहेर आल्या. "मागून हात लावू का?"

"लावायचा नाही," भाऊ म्हणाले. "मी त्या केंद्रात येईन तर माझ्या चाकांवर येईन. सहा वर्षं लोक मला उचलतायत. गादीवरून उचल, रिक्षात ठेव. आता उचलून घेऊन कुठे जायचं नाही, असं मी ठरवलंय."

काकांनी आणखी एक वीट काढली आणि तिसऱ्या वेळी ते एकटे चढले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा असा, की जणू क्रेनच्या केबिनमध्येच जाऊन बसलेत. टेलरकाकू उगाच टेप गुंडाळत राहिल्या.

त्या मापाने काकांनी माझ्या डाव्या अंगाला रॅम्प केला. मधे एक वळण घेऊन हळूहळू वर जाणारी पुठ्ठ्याची पट्टी. सर्वांत शेवटी चिकटवली ती हीच. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, दिसत होतं धूसर. डिंक जरा कमी पडला. मला तेव्हाच जाणवलं होतं, ती बाजू सैल आहे. पण मी सांगणार कसा आणि कुणाला?

काका ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले आणि मी वसाहतीच्या कार्यालयात आलो. लहानशी खोली, एक डुगडुगणारं टेबल आणि खिडकीपाशी माझी पेटी. खिडकीतून समोर टेलरकाकूंचं घर दिसायचं. मला कुणाच्या घरात डोकवायची खोड नाही. पण काचेच्या पेटीत बसवल्यावर माणूस दुसरं करणार काय?

लोक मला बघायला यायचे. गंमत म्हणजे प्रत्येक जण माझ्यात आधी स्वतःची इमारत शोधायचा. ती माझ्यात नव्हतीच. मग विचारायचा, "गाड्या कुठे लावायच्या?" आणि जाताना काचेवर बोटाचा ठसा ठेवून जायचा.

वर्गणीसाठी घरोघर फिरल्या टेलरकाकू. मशीन बंद करून रोज संध्याकाळी, हातात माझं एक चित्र घेऊन. कुणी म्हणे पाहुणे आलेत, कुणी दार न उघडता आतून टीव्हीचा आवाज वाढवी. काकू दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "मी काही चिकटपणा करत नाही हो," असं म्हणत त्या चांगल्याच चिकटायच्या. त्यांनी एकही दार सोडलं नाही.

तरी निम्मीच रक्कम जमली. उरलेली एक देणगी देणारी संस्था द्यायला तयार झाली, पण त्यांचा नियम कडक. मॉडेलचा फोटो पाठवायचा. त्या फोटोवर सही होणार आणि सही झाली की फोटोत दिसतं तेवढंच बांधायचं. पूर्वी कुणीतरी वाचनालय सांगून दुकानगाळे बांधले होते म्हणे, तेव्हापासून हे.

फोटोच्या दिवशी सकाळी चिटणीसबाई आल्या. बाई मनाच्या चांगल्या, पण धूळ दिसली की त्यांच्या जिवाला चैन नाही. पेटी उघडून त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. मी अंग चोरलं. पुठ्ठा किती चोरणार? रॅम्प त्यांच्या हातात आला.

"अगंबाई! हे कुठलं निघालं?" त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. वळणाची एक पट्टी, नुसती हातात घेतली तर कशाची ते कळण्यासारखं नव्हतंच. "असू दे, नकाशेकाका आले की चिकटवतील," म्हणून टेबलावर ठेवली आणि त्या माझ्या झाडांकडे वळल्या.

इतक्यात अध्यक्ष आले. अध्यक्षांचं आणि त्या टेबलाचं जुनं वैर. सही करायला गेले की टेबल डुगायचं आणि त्यांची सही घसरायची. त्यांना पट्टी दिसली. तिची त्यांनी आणखी एक घडी घातली, खाली वाकले आणि टेबलाच्या पायाखाली सारली.

"हां! आता कसं!" दोन्ही हातांनी टेबल हलवून बघितलं. "बघा बाई, कुणाला सुचलं नाही इतके महिने."

माझा फोटो निघाला. समोरून, पाच पायऱ्या ठळक. सोबतचं पत्र त्याच टेबलावर लिहिलं, अध्यक्षांची सही पहिल्यांदाच सरळ आली. ज्या रॅम्पने भाऊ वर जाणार होते, त्याच्यावर टेबल उभं होतं. मी काचेआड बघत होतो. पुढच्या आठवड्यात टेबल सरकवलं, केर निघाला, त्यात तोही गेला.

महिन्याने काका काळा चष्मा लावून परतले. तोवर मंजुरी आलेली. काका आले ते थेट माझ्याकडे. काच उघडली, माझ्या डाव्या अंगावरून बोट फिरवलं, थांबले.

"माझा रॅम्प कुठाय?"

चिटणीसबाईंनी आधी टेबलाखाली पाहिलं. "ती पट्टी? काका, ती... ती रॅम्प होती?"

"अहो, मला काय माहीत!" अध्यक्ष म्हणाले. "पुठ्ठा होता, टेबलाखाली घातला."

"पुठ्ठा हवा होता तर मला सांगायचं," काका म्हणाले. "गाडीभर आणून दिला असता."

काकांच्या मूळ नकाशात रॅम्प होता. पण सही फोटोवर झाली होती. संस्थेला फोन केला, तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, "बदल हवा असेल तर नवा अर्ज करा, पुढच्या वर्षीच्या यादीत बघू." यादीत नाव लागेलच असं नाही, हेही सांगितलं.

सभा बोलावली. मला पेटीसकट बाहेर आणून सगळ्यांच्या समोर ठेवलं. काकांनी उभं राहून सांगितलं, "एक वर्ष थांबू या."

कुजबुज सुरू झाली. मागून एक आजोबा म्हणाले, "पुढच्या वर्षी उद्घाटनाला मी फोटोत असेन, हार घातलेला." सगळे हसले, पण आजोबा हसले नव्हते. कुणी म्हणालं, आलेली देणगी घालवायची का? कुणी म्हणालं, रॅम्प काय, नंतर आपला आपण बांधून घेऊ.

"थोडक्यात सांगतो," अध्यक्ष म्हणाले आणि बराच वेळ बोलले. मग वळून म्हणाले, "काकू, तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही."

झालं. सगळ्या माना टेलरकाकूंकडे वळल्या. या प्रत्येक माणसाच्या दारात त्या दोनदोनदा गेल्या होत्या, 'लवकरच होईल हो' असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आता त्याच लोकांसमोर त्यांनी म्हणायचं होतं, माझ्या नवऱ्यासाठी थांबा. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, नेमकं माझ्या डाव्या बाजूला. थांबा म्हणा, काकू. एवढा एकच शब्द. माझ्या पुठ्ठ्याच्या पोटात तो नुसता घुमत राहिला.

"एका माणसासाठी कशाला सगळ्यांना थांबवायचं?" काकू म्हणाल्या. "होऊ दे."

टाळ्या वाजल्या. संकटातून सुटल्यावर माणसं वाजवतात तशा, जोरात. चिटणीसबाईंनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. पुढे चार दिवस समोरच्या घरातून मशीनचा आवाज आला नाही.

केंद्र उभं राहिलं. उद्घाटनाच्या दिवशी चौघे जण भाऊंच्या दारात गेले. "चला भाऊ! आम्ही आहोत की, अल्लद नेऊ." भाऊ नाही म्हणत होते. पण टेलरकाकूंनी त्यांच्यासाठी नवा सदरा शिवला होता, तो घालून ते बसले होते. बायकोच्या तोंडाकडे पाहून आले.

मला इथे दाराशी ठेवलेलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. तिसऱ्या पायरीवर खुर्ची कलली. भाऊंच्या हातात एकाची कॉलर आली, ती त्यांनी घट्ट धरली. डोळे मिटले. वर पोचले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, खरंच नव्हतं. भाऊंनी कॉलर सोडली आणि सदऱ्याची घडी नीट करत राहिले.

अर्ध्या तासाने त्यांनी काकूंना हळूच विचारलं, "आता खाली कोण नेणार?" त्यांना घरी जायचं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. उठून जावंसं वाटलं तर तुम्ही-आम्ही कधी कारण सांगतो का? पण चौघांतले तिघे जेवायला पांगले होते. काकू त्यांना शोधत फिरल्या, या खोलीतून त्या खोलीत, हसतमुखाने, "अहो, जरा येता का?" करत. भाऊ माझ्या पेटीशेजारी थांबले होते. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काचेत आम्ही दोघे शेजारी शेजारी दिसत होतो.

त्यानंतर ते आले नाहीत.

केंद्र छान चाललंय, खोटं कशाला बोलू? म्हातारी माणसं पंख्याखाली बसून वर्तमानपत्रावरून भांडतात. लाँड्रीवालासुद्धा येतो, फक्त सवयीने इथल्याही पायऱ्यांवर कुणाला बसू देत नाही एवढंच. टेलरकाकू आठवड्यातून एकदा मुलींना शिवण शिकवायला येतात. कुणी विचारलं, "भाऊ कसे आहेत?" तर म्हणतात, "बरे आहेत." विचारणारा पुढे जातो.

रॅम्प नंतर बांधून घ्यायचा होता. ते 'नंतर' अजून आलेलं नाही. पहिल्या वर्षी खुर्च्या घेतल्या, मग पाण्याचं मशीन, मग बाहेरचा रंग. चिटणीसबाई दर सभेत विषय काढतात, दर सभेत तो शेवटी असतो आणि तोपर्यंत लोक उठतात.

मागे एकदा नकाशेकाका नवा रॅम्प करून घेऊन आले, मला चिकटवायला. अध्यक्ष म्हणाले, "काका, नको. मग मॉडेल आणि इमारत वेगळी दिसेल, येणारे पाहुणे विचारतील." काकांनी तो खिशात घातला आणि निघाले. पाच पायऱ्या उतरताना ते आता कठडा धरतात.

माझंही काही खरं नाही. झाडांचा रंग उडाला, छपराचा कोपरा उचकटलाय. पुढच्या साफसफाईत मला माळ्यावर टाकतील, असं कानावर आलंय. त्याचं दुःख नाही. पुठ्ठा तो पुठ्ठाच.

पण तुम्ही थांबून ऐकलंत, म्हणून एक सांगतो. बाहेर, पायऱ्यांच्या डाव्या हाताला फरशी न घातलेला एक लांबट पट्टा आहे. लोक तिथे स्कूटर लावतात. तुमचीही तिथेच असेल. मी तुम्हाला रॅम्प बांधा म्हणत नाही, तुमच्या एकट्याच्या हातात ते नाही, मला कळतं. फक्त उद्यापासून स्कूटर दुसरीकडे लावा. जागा मोकळी दिसली तर येणाऱ्या-जाणाऱ्या एखाद्याला तरी विचारावंसं वाटेल, की अहो, इथे काय व्हायचं होतं?