उपाशी मांगूर

गेझिनाने पहिला घास तोंडात फिरवला, रुमालात काढला आणि म्हणाली, "चिखल." आमच्या ओल्डेनबर्गकडची सगळ्यात चालती खाणावळ तिची. तिने मी पाळलेला मांगूर मासा घेतला तर बाकीचे घेणार, नाहीतर माझ्या टाक्या भंगारात. शनिवारी पुन्हा चाखीन म्हणाली, मोठे उपकार केल्यासारखं.

हा चिखलाचा वास कसा घालवायचा ते मला ठाऊक आहे. बंद शेडमध्ये तेच पाणी गाळून गाळून फिरवलं की मासा मातकट लागतोच. म्हणून विकण्याआधी त्याला ताज्या पाण्याच्या वेगळ्या टाकीत उपाशी ठेवायचं. पोट रिकामं होतं, पाणी स्वच्छ राहतं, वास जातो. मी हे सगळं केलं होतं. तरी पुन्हा केलं. गाळण्या बदलल्या, नळ घासले, पंपवाल्याला इतकं झापलं की त्याने माझा फोन उचलणंच बंद केलं. शुक्रवारी एक मासा मीठही न लावता वाफवून बघितला. पुन्हा चिखलच. सगळी मेहनत अक्षरशः पाण्यात गेली.

वैतागून दुसरा चिरला, तर त्याचं पोट खाद्याच्या दाण्यांनी गच्च भरलेलं.

शेडला दोनच किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी बाबांकडे. पूर्वी तिथे त्यांची डुकरं असायची. ते स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत बसले होते. मी ते भिजके दाणे बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवले.

"टाकीजवळ गेलं की वर येतात बिचारे," ते म्हणाले. "माझ्या शेडमध्ये कधी कुणी उपाशी राहिलं नाही, वीबके."

माझं डोकंच फिरलं. "आणि डुकरं कापायला न्यायच्या आदल्या दिवशी? तेव्हा मेजवानी देत होतात का त्यांना? उपाशीच ठेवायचात ना?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "ते तुझी आई बघायची. त्या दिवशी मी शेडकडे फिरकायचोच नाही."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. राग गेला नाही, पण तो काढायचा तरी कुणावर? गेझिनाला फोन करून गयावया केली. शेवटचं एकदा, असं बजावून तिने पुढचा शनिवार दिला. बाबा ऐकत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस," ते म्हणाले.