संकासुराचा चाबूक

संकासुराच्या आतल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, ही पहिली गोष्ट सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच शिकवली. दुसरी, त्याने मारलं तर उलट हात उगारायचा नाही. आणि तिसरी, काही झालं तरी त्याच्या टोपीला शिवायचं नाही.

आमच्या गावची रत्नागिरीकडची पन्नासेक कुटुंबं इथे भाईंदरला, खारीगावात राहतात. शिमगा झाला की मंडळाचं नमन, म्हणजे कोकणातला सोंगांचा खेळ, आमच्या बिल्डिंगमागच्या मैदानात होतं. गण होतो, गवळण होते आणि मग संकासूर येतो. काळा झगा, कमरेला घुंगरं, डोक्यावर तोंडापर्यंत ओढलेली उंच टोकदार टोपी, तिला तागाची दाढी आणि लोंबणारी लाल जीभ. हातात काथ्याचा चाबूक. तो बोलत नाही. नाचतो आणि मारतो. राक्षसच तो, पण लोक त्याला नवस बोलतात, लहान मुलांना त्याच्यासमोर आडवं घालतात. तो मुलावरून उडी मारून गेला की मुलाची भीती जाते म्हणतात. आत कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं.

मी मानसशास्त्रात बी.ए. केलंय. माणसं आपल्या आतलं जनावर एका झग्यात कोंबतात आणि वर्षातून एकदा मोकळं सोडतात, म्हणजे संकासूर हे प्रतीक, असं परीक्षेत लिहून मी चांगले मार्क मिळवले असते. पण इशिता तापाने फणफणली की औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचून झाल्यावर मीठ-मिरच्या ओवाळते ती मीच. चार वर्षांची आहे ती. रात्री तिचा श्वास चालतोय ना, हे बघायला मी अजून उठते. टोपी ओढणाऱ्याच्या घरात मूल जगत नाही, गावात एकाचं तसं झालंय, असं सासूबाई सांगायच्या तेव्हा मी हसायचे, पण पुढे काही विचारायचे नाही.

संकासुराचा मान साईराजच्या घरात आहे. साईराज म्हणजे नीलेशचा, माझ्या नवऱ्याचा, चुलतभाऊ. आधी त्याचे वडील टोपी घालायचे. गेल्या वर्षी साईराजने मृदंगवाल्याची पाठ फोडली. शर्ट चिकटला होता रक्ताने. लोक म्हणाले, यंदा अंगात जोर होता. मी नीलेशला म्हटलं, "पुढच्या वर्षी हा असेल तर मी पोरीला घेऊन खाली येणार नाही. मीटिंगमध्ये सांग तसं."

नीलेशने सांगितलं, सगळ्यांसमोर. मंडळाचे म्हातारे प्रमुख सदूतात्या म्हणाले, "टोपी त्येच्या घरातली हाय. कुणाला घ्यायचं ता संकासूर ठरवतो, आपण न्हाय."

दोन दिवसांनी साईराज मला जिन्यात भेटला. स्टीलच्या कारखान्यातून आला होता, बोटं काळी, हातात डबा.

"वहिनी, दादाला तुम्हीच बोलायला लावलंत ना?"

"लावलं. मृदंगवाल्या काकांना जाऊन विचार का लावलं ते."

तो हसला. "दादा पण ना! घरात विचारलं असतं तर मीच नाही म्हटलं असतं. पण वीस माणसांत बोलला." डबा या हातातून त्या हातात घेतला. "बरं असू दे. त्या दिवशी बघू. पण त्या दिवशी मी नसतो हां, आधीच सांगतो."

हे मी नीलेशला सांगितलं. तो म्हणाला, "तू पण कुठे मनावर घेतेस! साल्याला लहानपणी मी खांद्यावर बसवून फिरवलंय."

खेळाच्या संध्याकाळी सासूबाईंनी इशिताला परकर-पोलकं घातलं. "अंधाराला घाबरते, झोपेत दचकते. आडवी घालू दे तिला. तुझ्या डॉक्टरांनी काय केलं?" मी नाही म्हणाले. नीलेश म्हणाला, "मी नेतो ना, मी आहे तिच्याजवळ." पूर्वी नावाची आमची शेजारीण आधीच पुढच्या खुर्चीत मोबाईल धरून बसली होती. "अरे जाने दो ना मृणाल, कितना क्यूट वीडियो आएगा!"

मृदंग वाजला. घुंगरं आली. इशिता बापाच्या शर्टाला घट्ट धरून होती. नीलेशने तिला सतरंजीवर ठेवलं, कानात काहीतरी सांगितलं. संकासूर दोन पावलं मागे गेला आणि तिच्यावरून उडी मारून पलीकडे उतरला. इतका अलगद, की झग्याचं टोकही तिला लागलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नीलेश तिला उचलायला वाकला आणि पहिला चाबूक त्याच्या पाठीवर पडला.

लोक हसले. नीलेशही हसला. दुसरा पडला तेव्हा त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी फक्त एकदा ऐकलाय, त्याचा हात दारात चिरडला होता तेव्हा. तो पोरीवर पालथा पडला. मी धावत गेले, त्याच्या छातीखालून तिला ओढून काढलं. तो उठायला गेला, हात वर करून म्हणाला, "बस ना रे आता," तेवढ्यात तिसरा तोंडावर. चाबकाच्या टोकाची गाठ डोळ्यावरच बसली. बोटांमधून रक्त आलं. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "जोर हाय रे यंदा!"

शेजारची पूर्वी म्हणत होती, "एकदम रियल लगता है यार, ब्लड भी साथ रखते हैं क्या?"

मी किंचाळत होते. यंदाच्या नव्या मृदंगवाल्याला वाटलं खेळ रंगलाय, त्याने लय वाढवली. माझी किंकाळी त्यात गेली. नीलेश गुडघ्यांवर आला. चाबूक पडत होता, डोक्यावर, कानावर, मानेवर. माणसं गोल करून उभी होती, आणि त्या गोलात मला सोडून सगळ्यांना खेळ दिसत होता.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांनाही कळलं होतं, ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणाल्या, "टोपीला हात लावू नको, मृणाल. पोरगी आहे तुझ्या पदरात. पाया पडते."

"तो तुमचा मुलगा आहे, आई!"

"माहीत आहे गं मला," त्या म्हणाल्या, आणि हात सोडला नाही.

मी इशिताकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी बी.ए. वगैरे काही नव्हतं. टोपी ओढली तर ही जाईल, नाही ओढली तर तो जाईल, एवढंच होतं. मी पोरीला त्यांच्या अंगावर टाकलं, मनगट आपोआप सुटलं. मागून गेले आणि दोन्ही हातांनी टोपी खेचली.

मृदंग थांबला.

आत साईराज होता. डोळे तांबारलेले नाहीत, फेस नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करताना असतो तसा चेहरा. आणि त्याने पहिलं काय केलं, तर आजूबाजूला बघितलं. कोण कोण बघतंय ते बघितलं. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "टोपी द्या इकडे."

त्याच्या हातातून चाबूक मी हिसकावला, तेव्हा तो हलकाच सुटला. दोरी मात्र हलकी नव्हती. टोकाची गाठ हातात घेतल्यावर काथ्याच्या आत काहीतरी गार, कडक लागलं. बोल्ट होता. स्टीलचा, जाडा. कुणीतरी निवांत बसून काथ्या उसवला होता, बोल्ट आत ठेवला होता आणि पुन्हा नीट वळला होता.

मग मी मारलं.

पहिला त्याच्या तोंडावर बसला. दात पडलेला मी पाहिला. तो हात पुढे करून मागे सरकला, झग्यात पाय अडकून पडला. मी मारत राहिले. खांद्याजवळच्या हाडाचा आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. "वहिनी, वहिनी," म्हणत होता. ते ऐकून मला आणखी जोर आला. मला बरं वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत हात मोकळा झाल्यासारखं, खूप वर्षांचं काहीतरी निघून चालल्यासारखं बरं वाटत होतं. इशिता रडत होती ते मला ऐकू येत होतं, तरी मी थांबले नाही. तिघांनी मिळून मला ओढलं.

नीलेशचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी आडवळणाने सांगायचा प्रयत्न केला, पण मी आधीच विचारून मोकळी झाले होते. त्याच हॉस्पिटलमध्ये वरच्या मजल्यावर साईराज होता, जबडा तारांनी बांधलेला, खांदा प्लास्टरमध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदूतात्या नारळ घेऊन आले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. बरोबर सासूबाई, त्यांच्या मांडीवर इशिता.

"सूनबाय, तुझ्यावर कुणाचा राग न्हाय," तात्या म्हणाले. "टोपी तुज्या हातात आली नि तो तुज्यात गेला. आधी त्येच्यात व्हता. ना त्यानं मारलान, ना तू मारलंस. देवाचा मार. पोलीस येतील आता, त्येंना तसाच सांगूया. खेळात लागला. दोघांची घरं वाचतील."

"आणि नीलेशचा डोळा?"

"देवानं घेतलान," तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं होतं.

सासूबाई पुटपुटल्या, "तुला आत टाकलं तर हिला कोण बघेल? नारळ घे, मृणाल, मिटवून टाक. टोपी ओढलीस त्याचंही निस्तरेल."

मी इशिताला घ्यायला हात पुढे केला. तिने चटकन डोकं खांद्यात घातलं आणि कोपर वर केलं. मृदंगवाले काका गेल्या वर्षीपासून घुंगरं ऐकली की करतात, अगदी तसं. मी हात मागे घेतला.

नारळ माझ्या शेजारी बाकावरच राहिला. फौजदार आले, त्यांच्याबरोबर एक महिला शिपाई. "बोला मॅडम, खेळात झालं म्हणतायत सगळे. अंगात वगैरे आलं होतं?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तर संपलं होतं. साईराज घरी, मी घरी, इशिता माझ्याजवळ. आणि पुढच्या शिमग्याला पुन्हा तोच झगा.

"चाबूक कुठे आहे?" मी विचारलं.

"आमच्याकडे आहे, जमा केलाय."

"त्याची गाठ सोडवून बघा. आत बोल्ट आहे. साईराजने तो घरी बसून बांधला. तेव्हा त्याच्या अंगात कुणी नव्हतं."

तात्या उठून उभे राहिले. "गो, गप ऱ्हा."

"आणि दुसरं," मी म्हणाले. इशिता माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी आवाज हळू ठेवला, पण थांबले नाही. "चाबूक हातात आला तेव्हा मी ती गाठ चाचपली होती. आत बोल्ट आहे हे मला कळलं होतं. मी मारलं ते त्यानंतर."