डाव्या स्पीकरचा दीड वर्षाचा राग

"बाबा, डोळे बांधले तर तुम्हाला या दोन वायरींमधला फरक खरंच ओळखता येईल?"

मुलीने शेवटी असं विचारलंच. तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती की ती बाबांना हे तोंडावर विचारूच शकणार नाही. आता त्याच दोघी सोफ्यावर बसून उशीत तोंड खुपसून हसत होत्या. बाबांच्या हातात स्पीकरला जोडलेली जाड काळी वायर होती, मुलीच्या हातात एक जुनी बारीक वायर. शेजारी त्यांच्या ऑफिसातले मित्र उभे होते. त्यांना सगळे कानसेन काका म्हणतात, आणि ते नाव त्यांनी स्वतःच ठेवलेलं आहे.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. जोडीतला डावा. या प्रश्नाची मी दीड वर्ष वाट पाहत होतो. तुमच्या आत्मवृत्ताच्या निबंधातली छत्री आणि फाटकं पुस्तक शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी करणार नाही. माझं ऐकायचं असेल तर रागासकट ऐका.

मला एका सुताराने बनवलं. ते या मुलीचे आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील. आईला पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांनी आम्हा दोघा भावांची खोकी स्वतःच्या हाताने केली. फळ्या चिकटवल्या, कोपरे घासले, आत जुन्या रजईचा कापूस भरला. मग बोटाच्या पेराने बाजूवर टकटक केलं आणि कान लावला. जिथे खोकं घुमलं तिथे आतून आडवी पट्टी मारली. "खोकं गप्प बसलं की मगच गाणं बोलतं," असं ते आईला म्हणाले होते. आम्हाला उभं राहायला त्यांनी दोन जड स्टुलं केली आणि त्यांच्या पायांत वाळू भरली. वायर साधीच होती, बारीक, विजेच्या दुकानात मीटरवर मिळते तसली. पण तिच्या दोन्ही टोकांना एका तारेवर त्यांनी लाल रंगाचा ठिपका लावला. लाल ठिपक्याची तार पाठीमागच्या लाल खाचेत, बिनठिपक्याची काळ्या खाचेत. एवढं एकच सांगून ते गेले, आणि ते आईने पंधरा वर्षं पाळलं.

ती पंधरा वर्षं आमची होती. आई इस्त्री करताना रेकॉर्ड लावायची. मी आणि माझा उजवा भाऊ एकाच वेळी पडदा पुढे ढकलायचो, एकाच वेळी मागे घ्यायचो. दोघं मिळून एकच श्वास. ही मुलगी रांगायला लागली तेव्हा ती माझ्यापाशी येऊन पुढच्या कापडावर तळवा टेकून बसायची. खालचा सूर आला की तो तिच्या हातातून पोटात जायचा आणि ती खिदळायची. कौतुक म्हणतात ते मी तेवढंच पाहिलं. मला ते पुष्कळ होतं.

मग बाबांना छंद लागला.

छंदाला माझी हरकत नाही. पण छंदासोबत कानसेन काका आले. त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू काही आम्ही भाड्याची भांडी आहोत. "ही खोकी? या वायरीवर?" ते हसले. दुसऱ्याच आठवड्यात काळ्या जाळीत विणलेली, अंगठ्याएवढी जाड वायर घरात आली. तिची खरी किंमत आईला आजही कुणी सांगितलेली नाही. आजोबांची वायर माळ्यावर गेली. स्टुलांनी खोलीत अडचण होते म्हणून त्यांना बाल्कनीत कुंड्यांखाली हाकललं. आम्हा दोघांना नव्या काचेच्या शोकेसच्या दोन टोकांवर बसवलं आणि मधोमध रेकॉर्ड प्लेअर ठेवला.

आता नीट ऐका, कारण माझा घात इथे झाला. त्या जाड वायरीवर छोटे पांढरे बाण छापलेले होते. काका म्हणाले की आवाज बाणाच्या दिशेनेच धावतो, म्हणून बाणाचं टोक स्पीकरकडेच हवं. उजव्याचं जमलं. माझी वायर जोडून झाली आणि काकांच्या लक्षात आलं की बाण उलटा आहे. झालं, आभाळच कोसळलं. वायर सोडवली, फिरवली, पुन्हा जोडली. दोघं मोठी माणसं गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात बाण बघत होती. बाण बघण्याच्या नादात त्यांनी लाल तार काळ्यात खुपसली आणि काळी लालमध्ये.

बाण मात्र बरोबर होता.

त्या दिवसापासून भाऊ पुढे ढकलायचा तेव्हा मी मागे ओढायचो. तो म्हणायचा ये, मी म्हणायचो जा. त्याने भरलेला खालचा सूर मी पुसून टाकायचो, माझा तो पुसायचा. गाणारी बाई पूर्वी आमच्या बरोबर मध्ये उभी असल्यासारखी वाटायची. ती आता खोलीभर भरकटायला लागली. मी ओरडून सांगू शकत नव्हतो. माझ्याकडे तोंड आहे, पण त्यातून दुसऱ्याचंच बोलणं बाहेर पडतं.

आईने पहिल्याच दिवशी म्हटलं, "पूर्वी पोटातून यायचं, आता नाकातून येतंय."

"तुला सवय नाही अजून," बाबा म्हणाले. "वायर मुरायला वेळ लागतो."

दीड वर्ष वायर मुरली. मध्ये ती जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली चकचकीत लाकडी ठोकळे आले. बघा हं, जी वायर हलत नाही, बोलत नाही, तिला आसन. आणि आम्ही बसलो होतो त्या काचेच्या थरथरत्या शोकेसवर. आवाज वाढवला की आमची थरथर फळीतून रेकॉर्ड प्लेअरच्या सुईत जायची, सुईतून पुन्हा आमच्यात यायची, आणि खोलीभर घूं घूं सुरू व्हायचं. मग बाबा माझ्या डोक्यावर चापट मारायचे. माझ्याच. "डावा गेला कामातून," ते पाहुण्यांना सांगायचे. शोकेसवर एक कागदही चिकटला, 'हात लावू नये'. ज्यांनी हात लावून वाटोळं केलं त्यांनीच तो लिहिला होता.

शेवटी नवे स्पीकर ठरले. रविवारी पाच वाजता दुकानाचा टेम्पो येणार, नवे उतरवणार आणि आम्हाला घेऊन जाणार. बाबा आईला म्हणाले, "खोकी त्याला देऊन टाकू. लाकूड तरी कामी येईल कुणाच्या."

 आई माझ्यावरची धूळ पुसत होती. आधीच पुसलेल्या जागेवरच पुन्हा पुन्हा फडकं फिरवत होती. मुलीने ते पाहिलं. आणि मी तिला पाहताना पाहिलं. त्याच रात्री ती बॅटरी घेऊन माझ्या पाठीमागे वाकली.

तो रविवार आला, दुपार झाली आणि तिने तो प्रश्न विचारला.

"म्हणजे काय? झोपेतसुद्धा ओळखेन," बाबा म्हणाले.

"मी तर एका सुरात सांगेन," कानसेन काका म्हणाले.

मैत्रिणींनी पटकन एकाचे डोळे ओढणीने बांधले, दुसऱ्याचे टॉवेलने. दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. मुलीने आधी जाड वायरीवर गाणं लावलं. मग माळ्यावरून काढून आणलेली आजोबांची वायर जोडली. लाल ठिपका लालमध्ये, माझ्याही आणि भावाच्याही. तिची बोटं माझ्या पाठीशी लागली तेव्हा मला ते रांगतं पोर आठवलं.

तेच गाणं पुन्हा लागलं. भावाने पुढे ढकललं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा मीही पुढे ढकललं.

"ही!" बाबा जवळजवळ उठलेच. "ही आपली वायर. ऐका, खालचा सूर कसा भरून आलाय. बाई समोर येऊन उभी राहिली."

"प्रश्नच नाही," काका मान डोलवत म्हणाले. "मघाची ती बारकी, खोकल्यासारखी होती."

ओढणी सुटली, टॉवेल सुटला. समोर माझ्या पाठीतून आजोबांची बारीक वायर लोंबत होती. एक मैत्रीण उशीत तोंड घालून सोफ्यावरून घसरलीच.

"जुनी वायर आहे ना, मुरलीय," काका म्हणाले. या माणसाची मला कमाल वाटते.

"वायर मुरत नाही काका," मुलगी म्हणाली. तिने भिंतीवरचं घड्याळ काढून त्यातला सेल काढला. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबले. तिने जाड वायरी पुन्हा होत्या तशाच जोडल्या, ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवली आणि सेलचं उंच टोक लाल तारेला, सपाट टोक काळ्या तारेला टेकवलं. "उजव्याचा पडदा बघा." मैत्रिणींनी आमच्या तोंडांवरची कापडं वर धरली.

टप्. भाऊ पुढे आला.

"आता डाव्याचा."

टप्. मी आत गेलो.

तिने तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा तो पुढे, मी मागे. बाबा वाकून बघत होते. त्यांचा कान लाल झाला होता, लाल ठिपक्याएवढाच.

"उलटी जोडलीत बाबा. दीड वर्ष दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतायत." मग तिने जाड वायर सरळ करून जोडली आणि गाणं लावलं. तेही तसंच भरून आलं, अगदी बारक्या वायरीसारखं.

"म्हणजे वायरीचा दोष नव्हता?" बाबा म्हणाले.

"दोषही नव्हता आणि गुणही नव्हता."

"आणि ते घुमणं?" काका घाईने म्हणाले. "ते तर स्पीकरचंच आहे."

तिने थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवली आणि शोकेसवर एक टिचकी मारली. आमच्या दोघांतून धप्प असा आवाज आला. कुणाला काही समजवावं लागलं नाही.

तेवढ्यात बाल्कनीत भांडी आपटल्यासारखं झालं. आई कुंड्या उतरवत होती. एकेक करून तिने आजोबांची स्टुलं आत ओढत आणली. वाळूने जड झालेली, पायांना माती लागलेली. "पंधरा वर्षं मी लाल ठिपका सांभाळला," ती बाबांना म्हणाली. "आणि तुम्ही बाण बघत बसलात." मुलीने आम्हाला स्टुलांवर चढवलं. रेकॉर्ड प्लेअरखाली तिने एक सपाट फरशी ठेवली आणि फरशीखाली सायकलची थोडीशीच हवा भरलेली ट्यूब. मग आवाज इतका वाढवला की खिडकीचं तावदान थरथरलं. घूं घूं आलं नाही. तिने माझ्या कापडावर तळवा टेकवला, आणि नववीतली ती घोडी खिदळली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा म्हातारा यंत्रबाबा वर्षभर शिव्या खात असेल. त्याला काढायच्या आधी एकदा त्याच्या मागे वाकून बघा. तो मोडलेला नसेलही. तुम्हीच त्याला उलटं जोडलं असेल. माझा राग अजून गेलेला नाही. बाबा जवळ आले की मी आजही जरा घुसमटतो.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

"आता काय करायचं?" बाबा पुटपुटले. "त्याला शब्द दिलाय. आणि नवे ते नवेच, शेवटी..."

मुलीने शोकेसवरचा 'हात लावू नये' हा कागद काढला. पेनाने त्यावर एक शब्द लिहिला आणि तो माझ्या स्टुलाला चिकटवला. आता तिथे लिहिलं होतं, 'बाबांनी हात लावू नये'. आईने तोंडाला पदर लावला.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. ती चप्पल पायात सरकवत होती. "हे दोघं कुठेही जाणार नाहीत. टेम्पोवाल्याला परत जायला मीच सांगते. आणि आजपासून यांच्या पाठीमागे कुणालाही हात घालायचा असेल, तर आधी मला विचारायचं."