कोपराजवळची सात भोकं

"योगेंद्रले नोकरी लागनी," गावाकडून आलेला विठ्ठल बशीत चहा ओतत म्हणाला. "पठाणकोटले. एक तारखेले हजर व्हवानं शे. तठे म्हने पानी गोठस." चहाचा एक भुरका मारून तो पुढे म्हणाला, "प्रमिलावहिनी त्याले सांगस, तुना बापनं जाकीट सुरतले शे, राघोभाऊकडे. बारीक काम शे, येळ लागस."

राघोच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला.

उत्तर न दिलेलं प्रमिलावहिनीचं ते पत्र तो विसरला होता, असं नव्हे. तीन वर्षांपासून ते त्याच्या पुस्तकात खुणेसारखं राही. एक पुस्तक संपलं की ते दुसऱ्यात जाई. तिचा नवरा सुकलाल वारला त्या हिवाळ्यात दोंडाईचाहून पार्सल आलं होतं आणि पाठोपाठ हे अंतर्देशीय. 'राघोभाऊ, यांचं जाकीट पाठवते. डाव्या कोपरावर आणि खिशाजवळ जरा फाटलं आहे. राघोचं रफू देवालाही दिसणार नाही, असं हे म्हणायचे. तेवढं करून द्या. योगेंद्र मोठा झाला की घालील. घाई नाही.'

सुकलाल ट्रकवर होता. हजीऱ्याहून माल भरून तो पार लुधियान्यापर्यंत जाई, आणि तिकडच्याच थंडीत त्याने ते तपकिरी चामड्याचं जाकीट घेतलं होतं. सुरतेत ते अंगावर ठेवण्याची सोय नव्हती. तरी राघोकडे येताना तो घालून येई, घामाघूम होऊन बसे आणि काढत मात्र नसे.

राघोने बमरोलीच्या एका गिरणीत रफूच्या खात्यात छत्तीस वर्षं काढली होती. पत्र आलं त्याच आठवड्यात त्याने आपली सगळ्यांत बारीक सुई काढली आणि कोपरावरच्या फाटीला टाके घातले, जवळ जवळ, एकसारखे. मग बाही जराशी वाकवून पाहिली, तर टाक्यांच्या रेषेनेच चामडं टरकन गेलं. नखाएवढी फाट बोटभर झाली. खिशाजवळच्या फाटीला हात लावायचा मग त्याला धीरच झाला नाही.

हे कळवायचं कसं? त्याने पत्रं लिहायला घेतली. पहिल्यात क्षमा जास्त झाली, दुसऱ्यात कमी पडली. एकदा चार पानं लिहून झाल्यावर ती कुठल्यातरी कादंबरीतल्यासारखी वाटली म्हणून फाडली. पुढे प्लेगचं वर्ष आलं. सुरतेहून आलेल्या माणसाला लोक दारात उभं करत नव्हते, तिथे जुनं जाकीट कोण घेईल? राघोला ते निमित्त पुरलं. प्लेग गेला, निमित्त गेलं, जाकीट खुंटीवरच राहिलं.

आणि तिकडे ती बाई पोराला सांगत होती, बारीक काम आहे, वेळ लागतो.

विठ्ठल लूमवर कामाला आला होता. होळीपर्यंत तो काही गावी जाणार नव्हता, म्हणजे जाकीट पोस्टानेच धाडायला हवं. आज वीस तारीख. राघोने खुंटीवरची जाकिटाची पिशवी काढली.

"तीन वरीस टांगी ठेयं," आतून त्याची बायको मालतीबाई म्हणाली, "आनि आते चहाबी पिऊ देत नहीत का त्यास्ले?"

"चहा तू दे," राघो चपला शोधत म्हणाला. "मी आलोच."

चौकात धम्मरत्नचं दुकान होतं. मूळचा भुसावळचा, मोटारी नि स्कूटरच्या सीटा शिवणारा. तीन वर्षं राघो त्या दुकानावरून रोज जात होता आणि रोज विचारायचं ठरवत होता. पण आयुष्यभर रफू केलेल्या माणसाने सीटवाल्याला, फाटलेलं कसं जोडतात, हे विचारायचं? आज तो थेट पायरी चढला. मग मात्र काय बोलायचं ते सुचेना.

"बोला काका."

"जाकीट आहे. म्हणजे माझं नाही. मित्राचं होतं."

धम्मरत्नने ते उजेडात धरलं, बाही उलटसुलट पाहिली. "ही भोकं कोणी पाडली?"

एखाद्या शिंप्याचं नाव राघोच्या अगदी जिभेवर आलं होतं. "मी," तो म्हणाला.

"काय काम करता?"

"रफू. करत होतो."

"तरीच." धम्मरत्न हसायला लागला. "काका, इतके सुरेख टाके घातलेत, की पोस्टाच्या तिकिटासारखं फाटलं. कापडात सुई धागे बाजूला सारून जाते. ह्याच्यात धागे आहेत कुठं? भोक पडलं ते पडलं."

"मग शिवायचं कसं?"

"शिवायचंच नाही."

राघो स्टुलावर बसला. सहासष्टाव्या वर्षी, हजारदा वाचलेल्या पुस्तकात दोन पानं चिकटलेली निघावीत आणि नेमकी तीच गोष्टीची असावीत, तसं त्याला झालं. "दाखव," तो म्हणाला. मग जीभ चावून, "दाखवता का?"

"आतून ठिगळ सरकवायचं, वरून कडेला कड भिडवायची. पण अस्तर उसवावं लागेल आणि ते नाजूक काम आपल्या हातचं नाही. मी फाडून ठेवीन."

"ते मला येतं."

बोलून झाल्यावर राघोच चपापला. आपल्याला काही येतं, असं तो सहसा म्हणत नसे.

बाहीच्या तोंडाशी त्याने अस्तराचे टाके एकेक करून काढले. धम्मरत्न पाहतच राहिला. मग त्याने शेळीच्या मऊ चामड्याचा तुकडा कापला. "कोपरे गोल ठेवायचे. चौकोनी ठेवले तर वरून उमटतात." ठिगळ आतून फाटीखाली सरकलं. काडीच्या टोकावर चिकटा घेऊन तो कडेला लावायचा, अगदी कमी. दोन कडा बोटांनी जवळ आणायच्या, ओढायच्या नाहीत. दुसऱ्या फाटीची काडी राघोने मागून घेतली. कडा एकमेकींना भेटल्या आणि रेघ जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा तो "अरे" म्हणाला. मग पुन्हा एकदा, हळूच, "अरे."

"काका, श्वास घ्या," धम्मरत्न म्हणाला.

भोकांसाठी धम्मरत्नने बाहीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवरून चामडं खरवडलं, त्याची पूड चिकट्यात कालवली आणि टाचणीने एकेक भोक भरलं. वरून पॉलिश फिरवलं. तिरक्या उजेडात तरीही ती दिसतच होती. राघोने मोजली. सात.

"एवढी राहणारच," धम्मरत्न म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत वजनाखाली ठेवा. मध्ये उचलून बघायचं नाही."

राघोने जाकीट घरी नेऊन पाट्याखाली ठेवलं आणि खरंच एकदाही उचललं नाही. पाट्यासमोर मात्र तो बसून राहिला. हातातलं पुस्तक पान न उलटता तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने अस्तर शिवून टाकलं. इथे धागे होते, सुई ओळखीच्या वाटेने गेली.

"आंगमा घाला ना," मालतीबाई म्हणाली. "कोपर मोडी देखा. पठाणकोटले जाई उसवनं तं?"

तीन वर्षांत त्याने ते कधी अंगात घातलं नव्हतं. बाह्या बोटांपर्यंत आल्या; सुकलाल उंच होता. राघोने डावं कोपर मोडलं. जोड धरून राहिला. त्याने ते पुन्हा मोडलं, मग भराभर दहा वेळा मोडलं. मालतीबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"डायव्हर दिसतस," ती म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. "ते बी असंच करेत. आठे बठीसन. घाम गाळेत, पन काढेत नही."

राघोने जाकीट काढलं. घडी घालायला त्याला जरा वेळ लागला.

पत्र मात्र एका बैठकीत झालं. 'प्रमिलावहिनींना नमस्कार. जाकीट आजच पार्सलने पाठवत आहे. खिशाजवळचं चांगलं झालं आहे. डाव्या कोपराजवळ सात भोकं दिसतील. ती सुकलालची नाहीत, माझी आहेत. येत नसलेलं काम येतं असं समजून मी सुई घातली आणि तुम्हाला कळवायला भ्यालो. जोड धम्मरत्न यांनी शिकवला. योगेंद्रला सांगा, कोपर हवं तसं मोड. राघो.'

पोस्टात पार्सलाच्या खिडकीवरच्या माणसाने पांढऱ्या कापडात शिवलेलं ते गाठोडं एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, पालथं केलं. "काका, सिलाई क्यां छे? लाख क्यां लगाडूं?"

सवयीने रफूचे, न दिसणारे टाके पडले होते. राघोने ओशाळून बोटाने शिवण दाखवली. त्या माणसाने तिच्यावर नख फिरवलं आणि शेजारच्याला हाक मारून त्यालाही दाखवली.

बाहेर येऊन राघोने पत्र पेटीत टाकलं. टाकल्याबरोबर त्याच्या मनात आलं, 'भ्यालो' हा शब्द बरा नव्हता, 'संकोचलो' हवा होता. पेटी उघडण्याची वेळ तिच्यावर लिहिली होती, साडेतीन. तो कट्ट्यावर बसला.

साडेतीनला पोस्टमनने पेटी उघडली, तसा राघो पुढे होऊन वाकला. त्याचं निळं अंतर्देशीय सगळ्यांच्या वर होतं.

"काय काका, चुकून टाकलं का? काढून देऊ?"

राघोने अक्षराकडे पाहिलं. पत्ता नीट होता.

"नको," तो म्हणाला. "जाऊ द्या."

पोस्टमनने पिशवीची दोरी आवळली आणि ती सायकलला टांगली. रिकामी कापडी पिशवी काखेत धरून राघो चौकापर्यंत सायकलच्या मागे मागे चालत गेला. तिथे सायकल वळली.