सरासरी सहाशे बारा

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून गास गावातल्या घरी पोचते न पोचते, तोच जितेंद्र सरांचा फोन आला. ते आमच्या विमान दुरुस्ती विभागाचे प्रमुख, मी तिथली इंजिनिअर.

"जेसिका, रिपोर्ट पाठवलाय. बघून सही कर. संध्याकाळी विमान सोडायचंय."

इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाचा त्यात एकच आकडा होता. सरासरी सहाशे बारा, नॉर्मल.

माझं डोकंच फिरलं. "सर, काल मी दोन आकडे लिहिले होते. डावं पाचशे नव्वद, उजवं सहाशे चौतीस. त्यांची सरासरी कोणी काढली?"

"दोन्ही मर्यादेच्या आतच आहेत ना?"

"आहेत. पण उंची तीच, वेग तोच, इंधन तेच आणि एक इंजिन चव्वेचाळीस अंशांनी जास्त तापतंय. गेल्या आठवड्यात हा फरक सहा होता. सेन्सर बदलून पाहिला, तरी तेवढाच."

"तू नाही केलीस तर दुसरा कोणीतरी सही करेल."

"करू दे. माझी नोंद लॉगबुकात पेनने केलेली आहे. इंजिन तपासल्याशिवाय ती कोणालाही बंद करता येणार नाही."

"दोनशे प्रवासी खोळंबतील! त्यांना काय सांगू?" सर ओरडले.

आई दारातून बघत होती. मीही आवाज चढवला. "खरं ते सांगा. नाहीतर सोडा विमान, आणि वर उजवं इंजिन बंद पडलं की त्यांना सांगा, घाबरू नका, सरासरी काढली तर दोन्ही इंजिनं अर्धी अर्धी चालू आहेत!"