सत्य घटनेची पाटी

माझ्या बहिणीच्या मुलाने, अभिनंदनने, आपल्या लहानपणावर पिक्चर काढला. आमच्या निपाणीत जैन समाजाच्या हॉलमध्ये तो पहिल्यांदा दाखवला. पुण्याहून एका महोत्सवाचे विक्रमसाहेब निवड करायला आले होते. सत्यकथांच्या विभागात एकच जागा उरली होती.

"साहेबांनी विचारलं तर फक्त व्हय म्हण, मावशी," अभिनंदनने सकाळीच बजावलं होतं.

त्याला वाढवलं मी, म्हणून मला पहिली रांग. शेजारी ब्राह्मीआक्का, आमच्या मंदिरातली सगळ्यांत कडक बाई.

चांगलं ते आधी सांगते. आमच्या वखारीच्या कौलांतून पडणारा उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारी तंबाखूची धूळ, अगदी तशीच टिपली होती. मुलाचं काम करणारा पोरगाही गुणी, न बोलता डोळ्यांनी चिडायचा. पण मग त्याने पंखा बघितला. भिंत बघितली. पुन्हा पंखा.

"ह्येला झालंय तरी काय गं?" ब्राह्मीआक्का कुजबुजली.

"मोठा व्हायलाय."

"मग लवकर हो म्हणावं. माझं पाय आखडलं."

पुढे मुलगा घर सोडून गुंजी स्टेशनवर जाऊन बसला. खरा अभिनंदन गेला होता तो गणितात नापास झाल्यामुळे. पडद्यावर त्याला जगण्याचा अर्थ हवा होता. रात्री परतला. आणि पडद्यावरच्या मावशीने, त्रिशलाने (नावसुद्धा माझंच), रात्री न जेवण्याचा नेम मोडून, रडत रडत त्याच्या ताटात भात खाल्ला. वर पाटी आली: ‘ही सत्य घटना आहे.’

सव्वीस वर्षं सूर्यास्तानंतर माझ्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. अख्खा हॉल माझ्याकडे वळला.

"त्रिशला, जेवलीस तू?" ब्राह्मीआक्काने माझ्या हातावरचा हात काढून घेतला.

विक्रमसाहेब डोळे पुसत उठले. "काय शेवट आहे! मावशी, असंच घडलं ना?"

त्यांच्या पाठीमागून अभिनंदन हात जोडत होता.

"न्हाय," मी म्हटलं. "ह्येची वाट बघण्यात दिवस मावळला. ह्येला भात वाढला आणि मी तशीच झोपले."

अभिनंदन जवळ आला. "उपाशी? कधी बोलली न्हाईस!"

"तू भात मागितलास. आणखी काय विचारलंस?"

"ह्योच सीन घालायचा होतास की रं!" ब्राह्मीआक्का मोठ्याने म्हणाली.

अभिनंदनने रिकाम्या पडद्याकडे बघितलं. "पण मावशी, न जेवणं पडद्यावर दिसत न्हाय."

"दृश्य म्हणून जेवणंच बरं," साहेबांनीही मान डोलावली.

"मग जेवू दे तिला," मी म्हटलं. "पाटी तेवढी काढ."

"अगं, पाटी काढली की काल्पनिकमध्ये जाणार! तिथं दोनशे पिक्चर हायत!"

"असू देत. मी खोट्याला व्हय म्हणणार न्हाय, बाळ."

त्याने तिथंच लॅपटॉप उघडून पाटी पुसली. साहेबांनी वहीतलं नाव खोडून दुसऱ्या यादीत, अगदी तळाला लिहिलं.

अभिनंदन दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी मंदिरातून येताना, त्याचा फोन आला.

"मावशी, त्या रात्री माझा राग आला होता काय गं?"

"लई," मी म्हटलं.